सांभाळून घेताना

"ऐंशी टक्के झालंय, मॅडम. उद्या होईल."

सोमवारच्या स्टँड-अपमध्ये तो हे म्हणाला आणि मी मान हलवून पुढच्याकडे वळले. मंगळवारीही ऐंशी टक्केच होतं, बुधवारीही. गुरुवारी त्याने आकडा सांगितला नाही. "थोडंसं राहिलंय," एवढंच म्हणून तो वहीकडे बघत राहिला. आमची टीम आठ जणांची. सकाळी सव्वादहाला फळ्यासमोर उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय हे प्रत्येकाने तीन वाक्यांत सांगायचं, असा आमचा रोजचा रिवाज. 'कुठे अडलंय' याचं त्याचं उत्तर रोज एकच असायचं, "काही नाही." हे खरं नाही हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि बाकीच्या सहा जणांनाही ठाऊक होतं. तरी आम्ही ते ऐकून घ्यायचो आणि आपापल्या जागेवर जाऊन बसायचो.

प्रोग्रामरच्या टक्केवारीचा हा घोळ जुना आहे. जॉन बेंटली यांनी १९८५ साली आपल्या सदरात बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिल यांचा एक नियम नोंदवला होता. त्याचा मथितार्थ असा, की सुरुवातीचं नव्वद टक्के काम नव्वद टक्के वेळ खातं आणि उरलेलं दहा टक्के काम आणखी तेवढाच वेळ खातं. म्हणजे एखाद्या आठवड्यात कोणी ऐंशीवर अडकलं तर त्यात वावगं काही नाही. आमच्या या सहकाऱ्याचं मात्र प्रत्येक कामात तेच व्हायचं. आणि राहिलेल्या वीस टक्क्यांत नेमकं काय आहे, असं विचारलं तर त्याला ते सांगता यायचं नाही.

मी पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये सतरा वर्षं काम करते आहे. ही टीम माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या लीडने तासाभरात सगळा कारभार समजावून दिला. परदेशातल्या एका विमा कंपनीचे दावे निकाली काढणारी प्रणाली, तिचे बाराएक छोटे भाग, कुठला भाग केव्हा रुसतो, क्लायंटकडचं कोण कशाने चिडतं. मग माणसांबद्दल एकेक ओळ. याच्याबद्दलची ओळ होती, "मुलगा चांगला आहे. जरा सांभाळून घे."

सांभाळून घेणं. आपल्या भाषेत या शब्दाला किती माया चिकटलेली आहे! नव्या सुनेला सांभाळून घ्या, असं व्याह्यांना हात जोडून सांगतात. गाणारा नवखा असला आणि मात्रा चुकला, तर जाणता तबलजी त्याला सांभाळून घेतो, हळूच समेवर आणून सोडतो आणि श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. मलाही ते करायचं होतं. मी नवखी होते तेव्हा मलाही कोणीतरी सांभाळून घेतलं होतं.

तो मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आधीची तीन वर्षं त्याने एका जुन्या प्रणालीवर काम केलं होतं. एकच मोठा प्रोग्राम, एकच डेटाबेस. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सगळे घरी गेले, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत तो आमच्या टीममध्ये आला तो गावाकडच्या घरूनच. रेंज गच्चीवरच यायची, म्हणून उन्हाळ्यातही तो गच्चीवरच्या खोलीत बसून कॉलला हजर असायचा. आमचं काम त्याच्यासाठी अगदी वेगळं होतं. इथे बारा भाग एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मेसेज पाठवतात. एकाने पाठवायचा, दुसऱ्याने सवडीने उचलायचा. ही रचना पुस्तकातून कळते, पण अंगवळणी पडते ती शेजारी बसल्याने. कोणीतरी स्वतःशी पुटपुटतं, "अरे, हा मेसेज इथे अडकला," आणि आपण खुर्ची सरकवून बघायला जातो. गच्चीवरच्या खोलीत शेजारी कोणी नव्हतं. ऑफिसं पुन्हा उघडली तेव्हा त्याच्या नावावर बऱ्याच वर्षांचा अनुभव जमा झाला होता. त्याला आता कोणी नवखा म्हणणार नव्हतं, आणि त्यालाही नवख्याचे प्रश्न विचारता येणार नव्हते.

टीममधले बाकीचे मला नावाने हाक मारतात, अगं-तुगं करतात. तो "मॅडम" म्हणायचा आणि "तुम्ही". मी दोनदा सांगून पाहिलं. "बरं, मॅडम," म्हणाला.

टीम हाती आल्यावर पहिले काही महिने मी काय केलं ते लिहिते. मी त्याला सोपी कामं देऊ लागले. अवघड काम त्याच्याकडे गेलंच, तर मुदत जवळ आली की उचलून दुसऱ्या एका मुलीला द्यायचे. ती टीममधली सगळ्यात तयारीची, शनिवारी बसून ते संपवायची. त्याचा कोड तपासायला आला की त्यावर वीस शेरे लिहिण्यापेक्षा मी रात्री घरी बसून तो स्वतःच दुरुस्त करायचे. दोनदा त्याला चहाला बाहेर टपरीवर घेऊन गेले, आज मोकळं बोलायचंच असं ठरवून. दोन्ही वेळा आम्ही वाकडच्या पुलावरच्या ट्रॅफिकबद्दल बोललो, त्याच्या गावच्या सोयाबीनबद्दल बोललो आणि परत आलो. टपरीवर ते बोलणं निघणारच नव्हतं. हातात चहाचा कप असताना समोरच्याला "तुझं काम पुरेसं नाही" असं म्हणवत नाही. म्हणूनच तर मी ती जागा निवडली होती.

त्याच काळात एक चूक सापडली. आमच्याकडे मेसेजची ने-आण काफ्का नावाची प्रणाली करते. पोचल्याची खात्री झाली नाही, तर तोच मेसेज पुन्हा येऊ शकतो, सही न मिळाल्याने पोस्टमन तेच पाकीट घेऊन पुन्हा दारात उभा राहावा तसा. त्यामुळे घेणाऱ्याने आधी पाहायचं असतं, हे पाकीट आपण कालच घेतलं नाही ना? त्याच्या कोडमध्ये हे पाहणं नव्हतं. आमच्याच चाचणीत एका दाव्याच्या दोन नोंदी झाल्या. पैसे कोणाचे गेले नाहीत. मी रात्री बसून ते दुरुस्त केलं आणि सकाळी टीमला सांगितलं, एक छोटा बग होता, मिटलाय. कोणाचा, ते सांगितलं नाही. चारचौघांत त्याला कमीपणा नको, एवढाच विचार मनात होता. त्याला एकट्याला बोलावून सांगायचं मात्र राहून गेलं. राहून गेलं म्हणण्यापेक्षा, मी ते टाळलं.

एका शुक्रवारी संध्याकाळी ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली. लॅपटॉप बॅगेत भरलेला, पण निघत नव्हती. म्हणाली, "तू त्याला सांभाळून घेतेस ते कळतं मला. मला कोण सांभाळतंय?" गेल्या दहा शनिवारांपैकी सहा शनिवार तिने त्याच्या कामावर घालवले होते. मी मोजले नव्हते, तिने मोजले होते. माझ्या दयाळूपणाचा खर्च तिच्या सुट्टीतून जात होता, आणि तिला विचारावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात तीच चूक पुन्हा झाली. दुसऱ्या भागात, पण तशीच. या वेळी ती क्लायंटच्या चाचणीत सापडली. एकच दावा दोनदा दिसतोय, असा त्यांचा मेल आला. मी त्याच्या जागेवर गेले आणि म्हणाले, "अरे, हे आपल्याकडे आधीही झालं होतं."

"कुठे?"

"तुझ्याच आधीच्या कामात."

त्याने ती फाइल उघडली. गिटमध्ये कुठली ओळ कोणी केव्हा बदलली हे सगळं जपलेलं असतं. तिथे माझं नाव होतं आणि रात्रीची पावणेबाराची वेळ. तो बराच वेळ त्या ओळींकडे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही बदललंत? मला का नाही सांगितलं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. गायकाला तबलजी सांभाळून घेतो, ते मैफलीत. तालमीत कोणी सांभाळून घेत नाही. तिथे गुरू हात वर करून थांबवतात आणि म्हणतात, "पुन्हा." दहा वेळा, वीस वेळा, जागेवर येईपर्यंत. तालमीत चूक झाकली गेली तर माणूस आयुष्यभर तिथेच चुकत राहतो. मी त्याची मैफल सांभाळत बसले होते आणि तालीम एकदाही घेतली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला कबूल करायला हवी. वरवर मी मायेने वागत होते, पण आतून माझा त्याच्यावरचा विश्वास केव्हाच उडाला होता. इन्सियाड या व्यवस्थापन संस्थेतल्या ज्याँ-फ्रांस्वा मान्झोनी आणि ज्याँ-लुई बार्सू यांनी १९९८ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला होता. वरिष्ठच हाताखालच्या माणसाला नकळत अपयशाकडे कसा ढकलतो, हा त्याचा विषय. एखाद्याकडून फारसं होणार नाही असं वरिष्ठाच्या मनाने घेतलं, की तो बारकाईने नजर ठेवू लागतो, महत्त्वाचं काम देईनासा होतो. त्या माणसाला ते जाणवतं. तो आखडतो, विचारेनासा होतो, पुढाकार सोडतो. मग वरिष्ठाला वाटतं, माझा अंदाज बरोबरच होता. हा लेख मी कितीतरी वर्षांपूर्वी वाचला होता आणि तेव्हा माझ्या एका जुन्या मॅनेजरची आठवण काढली होती. आता त्यातला वरिष्ठ मी होते. सोपी कामं ही माझ्या लेखी मदत होती. त्याच्या लेखी ती काय होती, हे मी विचारलंच नव्हतं.

चार दिवसांनी मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आदल्या रात्री कागदावर चार प्रसंग लिहून काढले होते, तारखांसह. लिहिताना स्वतःला एक अट घातली, की एकही विशेषण वापरायचं नाही. 'लक्ष देत नाही' हे माझं मत झालं. 'कोड तपासताना नऊ मुद्दे सांगितले, त्यांतले पाच पुढच्या वेळी तसेच होते' ही घडलेली गोष्ट. मताशी माणूस भांडतो. घडलेल्या गोष्टीकडे दोघांनाही एकाच बाजूला बसून बघता येतं. चार ओळी तशा लिहायला मला दोन तास लागले, आणि त्या लिहितानाच कळलं की इतके महिने माझ्याजवळ त्याच्याबद्दलची मतंच जास्त होती.

त्याने कागद वाचला. मग म्हणाला, "मला वाटत होतं, बरं चाललंय. रेटिंगही बरं होतं."

होतं खरं. सलग दोन वर्षं 'अपेक्षेप्रमाणे'. एक वर्ष आधीच्या लीडने लिहिलेलं, एक मी. आमच्या क्षेत्रात अप्रेझल म्हटलं की बेल कर्व्ह येतो. ठराविक टक्के माणसं वर, ठराविक खाली बसवायची. जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये वरची वीस, मधली सत्तर आणि तळातली दहा टक्के अशी विभागणी रूढ केली आणि जगभर तिचं अनुकरण झालं. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली, पण तिचा धाक पुष्कळ ठिकाणी उरला. तळाच्या खान्यात एकदा नाव गेलं की माणसाचं काय होतं हे लीडला माहीत असतं, म्हणून तो हात आखडता घेतो आणि 'अपेक्षेप्रमाणे' लिहून मोकळा होतो. मीही तेच केलं होतं. त्या एका शब्दाने मी त्याची दोन वर्षांतली एक संधी घालवली होती.

मी विचारलं, "घरी काही अडचण आहे का?"

"नाही मॅडम, घरी सगळं ठीक आहे."

खरं सांगायचं तर मला त्या उत्तराने अवघडल्यासारखं झालं. घरचं आजारपण, कर्ज, काहीतरी निघालं असतं तर मला क्षमा करणं सोपं गेलं असतं. आपण अशा वेळी दुःख शोधत असतो, कारण दुःखाला सवलत देता येते. इथे तसं काही नव्हतं. एका माणसाला एक काम येत नव्हतं, एवढंच होतं.

मग मी गप्प बसले. माझ्यासाठी ती सगळ्यात कठीण गोष्ट होती. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "एका ठिकाणाहून मेसेज गेला ना, की पुढे त्याचं काय होतं ते मला दिसत नाही. जुन्या सिस्टिममध्ये वरून खाली वाचत गेलं की कळायचं. इथे वाचायचं कुठून तेच कळत नाही. आणि विचारायचं काय, हेही."

अडीच वर्षांत स्टँड-अपच्या तिसऱ्या वाक्यात जे यायला हवं होतं, ते हे होतं.

माझ्या मॅनेजरांना त्याच आठवड्यात पीआयपीचा कागद हवा होता. या तीन अक्षरांना हिंजवडीत सगळे ओळखतात. नाव कामगिरी सुधारण्याच्या योजनेचं, पण तो कागद हातात पडला की पुष्कळ जण त्याच संध्याकाळी नोकरी शोधायला लागतात. मी आठ आठवडे मागितले. मॅनेजरांनी दिले, पण एका अटीवर. पुढे काय होऊ शकतं हे त्याला आधी स्पष्ट सांगायचं. मी सांगितलं. "आठ आठवड्यांत फरक दिसला नाही तर पीआयपी सुरू होईल, आणि त्यात नोकरीही जाऊ शकते." हे म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. तो मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होता.

आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. त्याच्याकडून तीन गोष्टी: काम सुरू करण्याआधी एका दाव्याचा पूर्ण प्रवास फळ्यावर काढून दाखवायचा, बदल छोटे, दोन दिवसांत तपासायला येतील एवढेच करायचे, दोन तासांहून जास्त अडलं तर विचारायचं, प्रश्न नीट मांडता आला नाही तरी. माझ्याकडूनही तीन: त्याचा कोड मी दुरुस्त करणार नाही, दर शुक्रवारी अर्धा तास बसून काय जमलं, काय नाही ते तोंडावर सांगेन, आणि त्याला सांगितलेलं नाही असं त्याच्याबद्दल दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

रोज सकाळी दोन तास जोडीने कोड लिहायचं ठरलं. केंट बेक यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही जोडीने काम करायची रीत लोकप्रिय केली. आमच्यासाठी ती म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहून गेलेली शेजारची खुर्ची होती. कोण बसणार? मी आधी त्या मुलीला विचारलं. तिने नाही म्हटलं, आणि ते मला बरोबर वाटलं. तिचे शनिवार मला परत करता येणार नव्हते, निदान सकाळ तरी मागायला नको होती. टीममधल्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याने होकार दिला. त्याच्या वाट्याचं दोन तासांचं काम मी स्प्रिंटमधूनच, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या आखणीतूनच, कमी केलं. ते रात्रीच्या पोटात ढकललं नाही.

पहिल्या आठवड्यात फळ्यावर चार चौकोन निघाले आणि बाण पाचव्यापाशी थांबला. तो मार्कर खडूसारखा बोटांत फिरवत उभा राहिला. पुढचा चौकोन काढायला माझा हात शिवशिवत होता. मी हात बांधून बसले. तिसऱ्या आठवड्यात नऊ चौकोन झाले. एका बाणावर तो थांबला आणि आपणहून म्हणाला, "हा मेसेज दोनदा आला तर?" जुना सहकारी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

आधी त्याचे बदल एकदम चौदाशे ओळींचे यायचे, तपासणाऱ्याला घाम फुटायचा. ते आता दीड-दोनशे ओळींचे येऊ लागले. स्टँड-अपमधले टक्के गेले. त्याऐवजी, "या दोन चाचण्या होत नाहीयेत, कारण कळलेलं नाही," असं यायला लागलं. हे ऐकायला ऐंशी टक्क्यांपेक्षा कमी वाटतं, पण त्यावर मदत करता येते.

आणि तरीही ते पुरेसं नव्हतं. आठवा आठवडा संपला तेव्हा मला दोन्ही गोष्टी लिहायच्या होत्या. सांगितलेलं काम तो आता नीट करत होता, विचारत होता, चूक झाली तर सांगत होता. पण सहा वर्षं अनुभवाच्या माणसाने नवा भाग स्वतः उभा करावा, इतरांना दिशा द्यावी, ही त्या पायरीची अपेक्षा होती, आणि तिथे पोचायला त्याला अजून दीड-दोन वर्षं लागली असती. टीमला तेवढा अवकाश नव्हता. मी हे शुक्रवारी त्याच्यासमोर जसंच्या तसं म्हटलं. आठ आठवड्यांपूर्वी हे वाक्य मला उच्चारता आलं नसतं. त्या दिवशी ते आमच्या दोघांच्यामध्ये कागदासारखं टेबलावर पडलं होतं, दोघांनाही वाचता येत होतं.

तो म्हणाला, "मला माहितीये. मलाही तसंच वाटतं."

सगळ्यांच्या बाबतीत हे असं होत नाही. नंतरच्या काळात एका माणसाला मला खरोखर जाऊ द्यावं लागलं, आणि ते योग्यच होतं. ज्याला काम करायचंच नाही त्याच्यासाठी आठ आठवडे नसतात. पण येत नाही आणि करायचं नाही, यांतला फरक बाहेरून दिसत नाही. दोन्हींचा चेहरा सारखाच, स्टँड-अपमध्ये वहीकडे बघणारा. तो फरक बोलल्यावाचून कळत नाही, म्हणून बोलायला उशीर करणं परवडत नाही.

आमच्याच कंपनीत दुसऱ्या एका टीममध्ये जुनी प्रणाली होती. मोठी, एकसंध, वरून खाली वाचत जावी अशी. तिथे जागा निघाली. त्याने स्वतः अर्ज केला. तिथल्या लीडचा मला मेल आला, हा कसा आहे?

'मुलगा चांगला आहे, जरा सांभाळून घे,' एवढं लिहिलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. मी अर्ध्या पानाचं उत्तर लिहिलं. काय नीट येतं, काय अजून येत नाही, त्याला कसं शिकवलं तर कळतं: आधी फळ्यावर, मग कोडमध्ये. माझ्या वाट्याचा तिसरा नियम होता, म्हणून पाठवण्याआधी त्याला बोलावून स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'अडलं तर विचारायला संकोचतो.'

"हे बदलता का?" तो म्हणाला. "संकोचायचो, असं लिहा."

मी ते बदललं आणि मेल पाठवला.